सुकाणूचें कुलूप

चोराच्या भयानें दाराला कुलूप घालावें आणि एके दिवशीं आपणच उंबऱ्याबाहेर अडकून पडावें, हा अनुभव आपल्यापैकीं बहुतेकांना केव्हां ना केव्हां आलेला असेल. किल्ली आपल्या हातांत असते, घर आपलें असतें. परंतु कुलुपाला तें पटत नाहीं. आज ज्या कुलुपाचा इतिहास मी सांगणार आहें तें घराच्या दाराला नसून मोटारीच्या सुकाणूला असतें. स्कूटरचें हँडल एका बाजूस वळवून किल्ली फिरवली म्हणजे तें तसेंच जखडून राहतें, हें आपण रोज पाहतों. मोटारींतही तीच युक्ति आहे. फक्त ती चक्राखालच्या नळकांड्यांत दडलेली असल्यामुळें आपल्या दृष्टीस पडत नाहीं. ती दृष्टीस पडते ती बहुधा बिघडल्यावर.

मोटारीच्या बाल्यावस्थेंत तिला किल्ली अशी नव्हतीच. पुढच्या बाजूस दांडा घालून तो जोरानें फिरवावयाचा, एंजिन धडधडूं लागलें कीं चढून बसावयाचें, असा तो सरळ व्यवहार होता. मनगट मोडण्याची धास्ती हाच काय तो चोराला अटकाव. १९१२ मध्यें कॅडिलॅक गाडींत विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि मालकाचे श्रम वांचले. अर्थात् चोराचेही वांचले. अमेरिकेंत गाड्यांची चोरी इतकी बोकाळली कीं, चोरलेली गाडी एका संस्थानांतून दुसऱ्यांत नेणें हा मध्यवर्ती सरकारचा गुन्हा ठरविणारा कायदा १९१९ मध्यें तेथें करावा लागला. प्रज्वलनाच्या विजेला किल्ली लावून पाहिली, पण दोन तारा एकमेकींना जोडून ती वीज वळविणें शिकाऊ चोरालाही कठीण नव्हतें. तेव्हां शहाण्या कारागिरांनीं असा विचार केला कीं, एंजिन चालूं झालें तरी होऊं द्यावें. गाडी वळलीच नाहीं तर चोर ती नेणार कोठें?

या विचारांतून सुकाणूचें कुलूप जन्माला आलें. १९३२ पासूनच्या फोर्ड गाड्यांत प्रज्वलनाची किल्ली आणि सुकाणूचा अडसर हीं एकाच ठिकाणीं बसविलेलीं असत. युरोपांत अब्राम नेमान नांवाच्या संशोधकानें १९३० च्या सुमारास असेंच कुलूप तयार केलें, आणि त्याचा तेथें एवढा प्रसार झाला कीं फ्रेंच भाषेंत मोटारीच्या किल्लीच्या कुलुपाला लोक आजही ‘नेमान’ असेंच म्हणतात. माणसाचें आडनांव सामान्यनाम होऊन बसावें, हें भाग्य थोड्याच संशोधकांच्या वांट्याला येतें.

या कुलुपाची रचना अगदीं साधी आहे. चक्रापासून खालीं जाणाऱ्या दांड्यावर खांचा असलेलें एक कडें असतें. शेजारच्या घरांत स्प्रिंगनें रेटलेला पोलादी अडसर असतो. किल्ली फिरविली म्हणजे तो मागें ओढला जातो. किल्ली काढून घेतली म्हणजे तो पुढें येतो आणि चक्र थोडें हलतांच समोर आलेल्या खांचेंत खट्‌कन् बसतो.

या साधेपणांतच त्याच्या दुखण्यांचीं मुळें आहेत. गाडी उभी करतांना पुढचीं चाकें फुटपाथच्या दगडाला टेकून राहिलीं, तर टायरांतला पीळ दांड्यावाटे अडसरावर येतो. अडसर खांचेच्या भिंतीशीं घट्ट दाबला जातो आणि किल्ली कांहीं केल्या फिरत नाहीं. नवशिका अशा वेळीं किल्लीवर जोर करतो आणि ती कुलुपांतच मोडून घेतो. जाणता मनुष्य डाव्या हातानें चक्र हलकेंच इकडेतिकडे झुलवतो व उजव्या हातानें किल्ली फिरवतो. पीळ सुटतांच अडसर निमूटपणें मागें सरतो. हें झालें निरोगी कुलुपाचें. कुलूप म्हातारें झालें म्हणजे गोष्ट निराळी होते. किल्लीचे दांते झिजतात, आंतल्या पत्त्या झिजतात, वंगण धुळीशीं मिसळून घट्ट होतें, आणि किल्लीच्या कडीला जन्मभर लटकत आलेला घरच्या साऱ्या किल्ल्यांचा जुडगा आपल्या भारानें तें भोंक सैल करून ठेवतो. शिवाय चोराला कुलूप उखडतां येऊं नये म्हणून तें ज्या बोल्टांनीं बसविलेलें असतें त्यांचीं डोकीं बसवितांनाच मुद्दाम मोडून टाकलेलीं असतात. त्यामुळें मेस्त्रीलाही तें सहजीं काढतां येत नाहीं. ड्रिलनें पोखरून काढावें लागतें. चोराला जो त्रास व्हावा म्हणून योजिला, तो अखेर मालकाच्या बिलांत येऊन पडतो.

आतां हें कुलूप सर्व गाड्यांना सक्तीनें बसविल्यावर काय झालें, हा या इतिहासांतला सर्वांत विचार करण्याजोगा भाग. पश्चिम जर्मनींत १९६१ पासून तें कायद्यानें आवश्यक झालें, आणि थोड्याच काळांत जुन्या गाड्यांनाही तें बसवून घेणें भाग पडलें. नव्याजुन्या सर्वांना एकच नियम लागल्यामुळें गाड्या पळविण्याचे प्रकार तेथें चांगलेच उतरले आणि उतरलेलेच राहिले. इंग्लंडांत मात्र १९७१ पासून फक्त नव्या गाड्यांना हें कुलूप येऊं लागलें. १९७६ मध्यें इंग्लंडच्या गृहखात्यासाठीं पॅट मेह्यू, रॉन क्लार्क आणि त्यांचे सहकारी यांनीं या दोन्ही देशांची तुलना केली. लंडनच्या पोलिस-हद्दींत १९६९ मध्यें पळविलेल्या गाड्यांपैकीं सुमारें पांचवा हिस्सा नव्या गाड्यांचा होता. १९७३ मध्यें तो विसाव्या हिश्शावर आला. वरवर पाहतां केवढें हें यश! परंतु त्याच काळांत जुन्या गाड्यांची चोरी वाढली होती. चोर सुधारला नव्हता, त्यानें केवळ आपलें गिऱ्हाईक बदललें होतें. आणि जुनी गाडी बहुधा ज्याला नवी परवडत नाहीं त्याची असते. श्रीमंताच्या दाराला बसविलेल्या कुलुपानें चोराला गरिबाच्या दाराकडे धाडलें, हा त्या आंकड्यांचा मला लागलेला अर्थ आहे. जर्मनांनीं थोडी कठोरता दाखविली, पण न्याय अधिक केला, असें मला वाटतें.

अमेरिकेंत हें कुलूप व्यापक प्रमाणांत परत आलें तें बऱ्याच उशिरां. तत्पूर्वीं तेथील कित्येक गाड्यांचा स्विच अशा रीतीनें बंद ठेवतां येई कीं, किल्ली खिशांत घालून मालक निघून गेला तरी कोणाही वाटसरूला तो बोटांनीं फिरवून गाडी चालूं करतां यावी. एवढा विश्वास जगावर टाकणें आज आपल्याला नवलाचें वाटेल. जनरल मोटर्सनें १९६९ सालच्या गाड्यांत सुकाणूचें कुलूप घातलें, आणि १ जानेवारी १९७० पासून मध्यवर्ती सरकारचा नियमच झाला. त्या नियमाची भाषा लक्षांत ठेवण्यासारखी आहे, कारण पुढील कथेचा पेच तिच्यांत आहे. किल्ली काढल्यावर एंजिन चालूं होतां कामा नये, आणि शिवाय एक तर सुकाणू जखडावें, नाहीं तर गाडीची स्वतःच्या शक्तीनें पुढें जाण्याची सोय बंद व्हावी. दोहोंपैकीं एक पुरे.

ही पुढील कथा कॉर्व्हेट नांवाच्या गाडीची आहे. १९५३ मध्यें शेव्हरोले कंपनीनें ही दोन आसनांची स्पोर्ट्‌स मोटार काढली, आणि तेव्हांपासून अमेरिकन तरुणांच्या स्वप्नांत तिनें ठाण मांडलें. १९६९ मध्यें इतर भावंडांप्रमाणें तिचीही किल्ली डॅशबोर्डावरून सुकाणूच्या दांड्यावर आली. १९८६ मध्यें तिला आणखी एक पहारेकरी मिळाला. किल्लीच्या पात्यांत एक लहानसा विद्युत्‌रोधक बसविलेला असे. पंधरा निरनिराळ्या मूल्यांपैकीं नेमकें मूल्य जुळलें तरच एंजिन चालूं होई, न जुळल्यास कांहीं मिनिटें गाडी अजिबात दाद देत नसे. म्हणजे सुकाणूच्या अडसरानें जें काम करावयाचें तें वस्तुतः आतां विजेनें अंगावर घेतलें होतें. तरीही अडसर राहिला. कायदा आणि संवय या दोघांनीं मिळून त्याला नोकरींत ठेवलें.

१९९७ सालीं या गाडीची पांचवी पिढी आली. केंटकी संस्थानांतील बोलिंग ग्रीन येथील कारखान्यांत ती २००४ पर्यंत तयार होत होती. तिच्या रचनाकारांनीं किल्ली पुन्हां दांड्यावरून काढून डॅशबोर्डावर नेली. बदल दिसावयास क्षुल्लक. पण त्यामुळें पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरांत राहिलेलीं किल्ली आणि अडसर हीं वेगळीं झालीं. पूर्वीं हाताचा जोर किल्लीवाटे थेट अडसरापर्यंत पोंचत असे. आतां किल्लीनें एका विद्युत्‌नियंत्रकाला निरोप द्यावयाचा, नियंत्रकानें रिलेला सांगावयाचें, रिलेनें दांड्यांतल्या चिमुकल्या मोटरला वीज द्यावयाची, तिनें अडसर ओढावयाचा, आणि ओढला गेल्याची खबर पुन्हां त्याच वाटेनें उलट यावयाची. या माळेंतला एक मणी निसटला कीं सारें खोळंबलें. बॅटरी थोडी उतरली, एखादा अर्थचा जोड गंजला, रिले चिकटली, किंवा अडसर खरोखर मागें सरला असूनही तशी वर्दी पोंचली नाहीं, तरी डॅशबोर्डावर अक्षरें उमटत कीं, सुकाणूच्या कुलुपाची दुरुस्ती करा. किंवा, किल्ली काढा आणि दहा सेकंद थांबा. जुन्या कुलुपाच्या वेळीं चक्र झुलवून पाहण्याचा तरी उपाय हातांत होता. येथें मालकानें दहा आंकडे मोजावे, पुन्हां किल्ली घालावी आणि वाट पाहावी.

येथवर हा केवळ त्रास होता. धोका त्यापुढें आहे. सुकाणू जखडलेलें असतांना कोणी गाडी हांकूं नये म्हणून रचनाकारांनीं अशी तरतूद केली होती कीं, अडसर सुटला नाहीं आणि तरीही गाडी चालूं लागली, तर तिचा पेट्रोलचा पुरवठाच तोडला जावा. कल्पना उत्तम होती. परंतु विद्युद्दाब उतरण्यासारख्या कांहीं परिस्थितींत हा पुरवठा तुटत नाहीं असें आढळून आलें. म्हणजे ३४५ अश्वशक्तीची गाडी पुढें धांवणार आणि तिचें चक्र मात्र वळणार नाहीं! २००४ मध्यें जनरल मोटर्सला १९९७ पासूनच्या या गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलवाव्या लागल्या.

दुरुस्ती काय झाली तें पाहण्यासारखें आहे. ज्या गाड्यांत गिअर आपोआप बदलतात त्यांतील खांचांचें कडेंच काढून टाकण्यांत आलें. किल्ली काढल्यावर त्यांचा गिअर उभ्या स्थितींत अडकून राहतोच, तेव्हां कायद्याची दुसरी अट पुरी होत होती. ज्यांत गिअर हातानें बदलावयाचा त्यांना मात्र ही सूट घेतां येईना. तेथें कुलूप ठेवणें भाग होतें, म्हणून नियंत्रकाची आज्ञावलि तेवढी सुधारण्यांत आली. एकाच कारखान्यांतल्या दोन बहिणी. एकीची बेडी तुटली आणि दुसरीची राहिली.

म्हणून आज कोणी या पिढीची वापरलेली गाडी घेऊं लागला, आणि अमेरिकेंतल्या आपल्या मंडळींपैकींही कोणी घेत असेल, तर त्यानें रंग आणि टायर पाहण्याआधीं तिला हातगिअर आहे कीं स्वयंचलित, आणि २००४ ची दुरुस्ती झाली आहे कीं नाहीं, हें विचारावें. बॅटरी कितपत ताजी आहे तें पाहावें. तिच्याखालच्या तारांवर गळलेल्या आम्लाचे डाग आहेत काय, तेंही वांकून पाहावें, कारण या गाडींत तें दुखणें पुष्कळदां आढळतें. मग किल्ली फिरवून कान द्यावा. मोटरची बारीक घरघर ऐकूं आली आणि चक्र लगेच मोकळें झालें, तर अडसर अजून कामावर आहे. घरघर मुळींच नाहीं आणि चक्र मोकळेंच आहे, तर पूर्वींच्या मालकानें बाजारांत मिळणारा एक लहानसा विजेचा तुकडा दांड्याच्या जोडांत बसविला असण्याचा संभव आहे. तो नियंत्रकाला सदैव ‘अडसर उघडा आहे’ असेंच सांगत राहतो. पुष्कळ मालकांनीं हाच मार्ग धरला. फक्त तो तुकडा बसवावयाचा तो कुलूप उघडें असतांनाच. एकदां अडसर खांचेंत जाऊन रुसला, म्हणजे आधीं हत्यारें घेऊन दांड्यापर्यंत पोंचावें लागतें आणि मगच त्या तुकड्याचा उपयोग होतो.