सहा हजार अर्ज, एकच आकडा

जून 2005. येस बँकेने 45 रुपयांना शेअर विक्रीला काढला. समजा, शाहूवाडी तालुक्यातल्या मलकापूरच्या एखाद्या शिक्षकाने कोल्हापूरच्या दलालाकडे अर्ज भरला आणि त्याला काहीच मिळालं नाही. मागणी दांडगी होती, नशीब म्हणून तो गप्प बसला असता. पण नशिबाचा इथे संबंध नव्हता.

अहमदाबादच्या रूपलबेन पांचाळ यांच्यासाठी 6,315 डीमॅट खात्यांतून अर्ज गेले होते, प्रत्येकी नेमक्या 1,050 शेअरचे. रक्कम 47,250 रुपये. पन्नास हजारांच्या आत राहिलं की पॅन क्रमांक द्यावा लागत नसे! प्रत्येक खात्याला 150 शेअर मिळाले आणि लिस्टिंगच्या आधीच सगळे मिळून 9,47,250 शेअर त्यांच्या एका खात्यात येऊन पडले.

शेअर बाजाराची नियंत्रक संस्था सेबी, तिला कुणाच्या कबुलीची गरज पडली नाही. एकच आकडा, हजारो नावांपुढे तेच तेच पत्ते आणि सगळ्यांचा माल एकाच घरी. इतकी माणसं योगायोगाने सारखं वागत नाहीत. 15 डिसेंबर 2005 ला पहिला आदेश निघाला, आणि मग 2003 पासूनचे इश्यू खणून काढले गेले.

हर्षद मेहतांच्या रोखे घोटाळ्याच्या वेळी, 1992 साली, असा माग काढणं जमलं नसतं. तेव्हा बँकांच्या पावत्या कागदी आणि वह्या न जुळवलेल्या. स्टेट बँकेतलं भगदाड एप्रिलमध्ये चव्हाट्यावर आणलं ते पत्रकार सुचेता दलाल यांनी. सेबीला कायद्याचं बळ मिळालं तेही त्याच वर्षी. डीमॅट नंतर आलं. त्याने बनावट नावांची खाती उघडणं सोपं केलं खरं, पण प्रत्येक शेअर कुठून कुठे गेला याची नोंदही कायमची ठेवली.

चोर सापडला, पण नुकसान कुणाचं, आणि किती? खरा कस इथे होता. निवृत्त न्यायमूर्ती डी. पी. वाधवा यांच्या समितीला मागे जाऊन न घडलेलं गणित मांडावं लागलं: बोगस अर्ज बाजूला काढले असते तर ते शेअर कोणाला मिळाले असते? पहिल्या दिवसाचा बंद भाव वजा इश्यूची किंमत, हा हुकलेला नफा. मलकापूरच्या आपल्या शिक्षकाचा हिशेब याच सूत्राने झाला असता.

वसुली मात्र रखडली. नोव्हेंबर 2006 मध्ये सेबीने डीमॅट खात्यांची नोंद ठेवणाऱ्या डिपॉझिटरी आणि त्यांच्या सहभागी संस्थांकडून सुमारे 116 कोटी मागितले. पहारेकऱ्याने डोळेझाक केली तर भुर्दंडही त्यालाच, असा हिशेब. तो सॅटला, म्हणजे रोखे अपील न्यायाधिकरणाला, पटला नाही. एनएसडीएल या डिपॉझिटरीविरुद्धचा वसुलीचा आदेश रद्द झाला.

तरीही एप्रिल 2010 मध्ये 21 इश्यूंतल्या सुमारे पावणेतेरा लाख अर्जदारांना 23.28 कोटी रुपये वाटले गेले. सरासरी काढली तर माणशी दोनशेच्याही आत.