डेनिम शर्ट, जुने (कालनिश्चिती व संग्रह)

जुन्या डेनिम शर्टांचा निर्मितिकाळ खुणांवरून ठरवून ते जमविण्याचा छंद. या शर्टाचे मूळ अमेरिकेतील कामगार व गुराखी यांच्या पोशाखात आहे (पहा : डेनिम). डेन्व्हरच्या रॉकमाउंट रँच वेअर (स्था. १९४६) या कंपनीने दाबबटनांचे वेस्टर्न शर्ट रूढ केले; करवतदाती कडेची खिशाची झडप हे या घाटाचे ठळक लक्षण.

कालनिश्चितीत लेबल निर्णायक ठरते. लीव्हायसच्या खिशावरील पट्टीत १९७१ च्या सुमारापर्यंत कंपनीचे नाव पूर्णतः मोठ्या रोमन अक्षरांत असे. पुढे त्यातील ‘ई’ लहान झाला. अमेरिकेत तंतुप्रमाण नोंदविणे १९६० पासून, तर धुलाईसूचनांचे कायम लेबल १९७२ पासून बंधनकारक आहे. लेबल नसणे मात्र प्राचीनतेचा पुरावा नव्हे; टोचते म्हणून ते अनेकदा कापलेले असते. अशा वेळी बटने, धागा व कापडाची किनार तपासतात (पहा : नीळ; वस्त्रोद्योग).