अनुदानाची मुदत आणि पुराव्याची मुदत : अमेरिकेतील आत्महत्या-प्रतिबंधक संशोधनाचा एक आढावा

आत्महत्येचा शास्त्रीय दृष्टीने विचार करण्याची परंपरा युरोपात बरीच जुनी आहे. एमिल द्युर्केम यांचा या विषयावरील सुप्रसिद्ध ग्रंथ १८९७ साली प्रकाशित झाला आणि समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमात त्यास तेव्हापासून मानाचे स्थान आहे. आत्महत्या करावयास निघालेल्या माणसास परावृत्त करण्याचे संघटित प्रयत्नही दुसऱ्या महायुद्धानंतर लवकरच सुरू झाले. व्हिएन्ना येथे एर्विन रिंगेल यांनी १९४८ साली ‘कारितास’ या धर्मादाय संस्थेच्या आश्रयाने असे कार्य आरंभिले. लंडनमध्ये चॅड व्हारा या धर्मोपदेशकाने १९५३ साली आपल्या चर्चमध्ये दूरध्वनी ठेवून ‘समॅरिटन्स’ संघटनेचा पाया घातला. ही दोन्ही कार्ये धर्मसंस्था व स्वयंसेवक यांच्या बळावर उभी राहिली. याउलट अमेरिकेत हा विषय सरकारी तिजोरीतून मिळणाऱ्या संशोधन-अनुदानाच्या मार्गाने पुढे आला. या भिन्न उगमाचा विषयाच्या स्वरूपावर कोणता परिणाम झाला, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. अनुदानाने या विषयास प्रतिष्ठा, परिभाषा आणि संस्था दिल्या, हे निर्विवाद होय. तथापि अनुदानाची मुदत काही वर्षांची असते, आणि या क्षेत्रातील पुरावा मात्र काही दशकांनी हाती येतो; या विसंगतीचा निकाल त्या व्यवस्थेस लावता आला नाही, असे इतिहासावरून दिसते.

१. कायदा आणि निधी

महायुद्धाच्या काळात सैन्यभरतीच्या वेळी मानसिक कारणांवरून नाकारल्या गेलेल्या तरुणांची संख्या लाखांच्या घरात गेली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या मानसिक व्याधींनी या प्रश्नास आणखी धार आणली. परिणामी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी ३ जुलै १९४६ रोजी राष्ट्रीय मानसिक आरोग्य अधिनियमावर स्वाक्षरी केली. संशोधन, तज्ज्ञांचे प्रशिक्षण आणि राज्यांना साहाय्य या तीन कामांसाठी केंद्र सरकारने अनुदान द्यावे, अशी तरतूद या कायद्याने झाली. परंतु कायदा होणे निराळे आणि पैसा हाती येणे निराळे. कायद्याने निर्माण केलेल्या सल्लागार मंडळाची पहिली सभा ऑगस्ट १९४६ मध्ये भरली, तेव्हा सरकारी निधी मंजूर झालेला नव्हता; त्या सभेचा खर्च ग्रीनट्री प्रतिष्ठान या खाजगी न्यासाने सोसला. पुढे १५ एप्रिल १९४९ रोजी राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था रीतसर अस्तित्वात आली व रॉबर्ट फेलिक्स हे तिचे पहिले संचालक झाले.

२. मृतांची पत्रे

याच वर्षी, म्हणजे १९४९ साली, लॉस एंजेलिस येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयातील एडविन श्नाइडमन या तरुण मानसशास्त्रज्ञावर एक अप्रिय काम येऊन पडले. आत्महत्या केलेल्या दोन सैनिकांच्या पत्नींना पाठवावयाच्या सांत्वनपत्रांचा मसुदा त्यांना करावयाचा होता. त्यासाठी कागदपत्रे पाहावयास ते जिल्ह्याच्या कॉरोनरच्या कचेरीत गेले. तेथील तळघरात मृतांनी मागे ठेवलेल्या चिठ्ठ्या शेकड्यांनी पडून होत्या, आणि त्यांच्याकडे अभ्यासाचे साधन म्हणून कोणी पाहिले नव्हते. श्नाइडमन आणि त्यांचे सहकारी नॉर्मन फार्बरो यांनी या चिठ्ठ्यांचा संग्रह केला. १९४४ ते १९५३ या काळातील ७२१ चिठ्ठ्या त्यात होत्या.

या संग्रहाचा अभ्यास ज्या रीतीने झाला ती रीत भाषाभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. नुसत्या चिठ्ठ्या वाचून त्यांतील करुण भाग वेचणे सोपे होते. परंतु तसे केल्याने त्या चिठ्ठ्यांचे वैशिष्ट्य कोणते हे कळले नसते. म्हणून तुलनेसाठी दुसरा गट घेण्यात आला. वय व व्यवसाय यांच्या दृष्टीने मृतांशी जुळणाऱ्या, परंतु आत्महत्येचा विचार मनात नसलेल्या पुरुषांना अशी चिठ्ठी कल्पनेने लिहावयास सांगण्यात आले. खऱ्या ३३ व कल्पित ३३ अशा चिठ्ठ्यांचा हा संच १९५७ साली प्रकाशित झालेल्या ‘क्लूज टु सुइसाइड’ या संपादित ग्रंथाच्या परिशिष्टात छापला गेला आणि अन्य अभ्यासकांसही खुला झाला.

त्याचा उपयोग पुढे अनेकांनी केला. चार्ल्स ऑसगुड आणि एव्हलिन वॉकर यांनी १९५९ साली खऱ्या चिठ्ठ्यांची साधारण खाजगी पत्रांशी व कल्पित चिठ्ठ्यांशी तुलना केली. साधारण पत्रांच्या मानाने या चिठ्ठ्यांत शब्दांची पुनरावृत्ती अधिक, विशेषणे व क्रियाविशेषणे कमी, आणि ‘सदैव’, ‘कधीही नाही’, ‘सर्व’ अशा सरसकट अर्थाच्या शब्दांचे प्रमाण अधिक आढळले. फिलिप स्टोन यांनी १९६०च्या दशकात संगणकाच्या साहाय्याने खऱ्या व कल्पित चिठ्ठ्या निवडून दाखविण्याचा प्रयोग केला. खऱ्या चिठ्ठ्यांत प्रत्यक्ष वस्तू, व्यक्ती व स्थळे यांचे उल्लेख अधिक असतात आणि प्रेमवाचक शब्दही अधिक येतात. कल्पित चिठ्ठ्यांत मात्र निर्णय व विचार यांविषयीची भाषा जास्त असते, असे त्यावरून दिसून आले. मरणाविषयी तत्त्वचिंतन करतो तो कल्पना करणारा मनुष्य; मरावयास निघालेला मनुष्य मात्र घरच्या वस्तूंविषयी आणि माणसांविषयी लिहितो. या निष्कर्षाचे महत्त्व केवळ शैलीशास्त्रीय नव्हते. अशा माणसाचे चित्त अखेरपर्यंत इतरांशी बांधलेले असते, हे त्यावरून सूचित झाले. आणि जो बांधलेला आहे त्यास धरून ठेवता येईल, ही प्रतिबंधक कार्याची मूळ श्रद्धा त्यामुळे बळावली.

३. केंद्र आणि दूरध्वनी

१९५८ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या अनुदानावर लॉस एंजेलिस येथे आत्महत्या-प्रतिबंधक केंद्र उघडण्यात आले. जिल्हा रुग्णालयाच्या आवारातील क्षयरोग्यांसाठी पूर्वी वापरली जाणारी एक पडीक इमारत त्यास मिळाली. श्नाइडमन, फार्बरो आणि मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट लिटमन हे या केंद्राचे प्रमुख होते. आत्महत्येचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्यांचा अभ्यास व पुनर्वसन असा मूळ बेत होता. परंतु केंद्राचे नाव गावात पसरले तसतसे संकटात सापडलेल्यांचे दूरध्वनी येऊ लागले. ते कार्यालयाच्या वेळेतच येत असे नाही, रात्रीबेरात्री येत. संशोधनासाठी नेमलेल्या मूठभर तज्ज्ञांस हे पेलणे अशक्य होते. यास्तव प्रशिक्षित स्वयंसेवकांची योजना झाली आणि केंद्र रात्रंदिवस चालू लागले. संशोधनाच्या अनुदानावर जन्मलेली संस्था अशा रीतीने, कोणी तसे मुद्दाम ठरविलेले नसता, सेवासंस्था झाली.

संशोधनाचे अंगही खुंटले नाही. जिल्ह्याचे कॉरोनर थिओडोर कर्फी यांनी संशयास्पद मृत्यूंच्या प्रकरणी केंद्राचे साहाय्य मागितले. मृताचे आप्त, मित्र व सहकारी यांच्याशी बोलून त्याची अखेरच्या काळातील मनःस्थिती उभी करण्याच्या या पद्धतीस ‘मानसिक शवचिकित्सा’ असे नाव पडले. ऑगस्ट १९६२ मध्ये अभिनेत्री मॅरिलिन मन्रो यांच्या मृत्यूच्या चौकशीतही केंद्राच्या तज्ज्ञांचा सल्ला घेण्यात आला.

४. विस्तार आणि संकोच

१९६३ च्या सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्र अधिनियमाने अनुदानाची कक्षा रुंदावली. प्रत्येक केंद्राने पुरवावयाच्या पाच आवश्यक सेवांत चोवीस तासांची आपत्कालीन सेवा समाविष्ट होती. कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी १९६५ च्या दुरुस्तीने दिलेले साहाय्य मात्र उतरत्या श्रेणीचे होते : प्रारंभी खर्चाच्या ७५ टक्के, पुढे ६०, ४५ व ३० टक्के, आणि ५१ महिन्यांनंतर काहीच नाही. सरकारने बी पेरावे, पीक स्थानिक समाजाने सांभाळावे, हा त्यामागील विचार होता. तो ऐकावयास वाजवी वाटतो. परंतु ज्या वस्तीत मानसिक सेवेची गरज अधिक, तेथेच ती चालविण्याची ऐपत कमी, ही गोष्ट त्याने हिशेबात धरलेली नव्हती.

१९६६ साली संस्थेचे तत्कालीन संचालक स्टॅन्ली योलस यांच्या काळात आत्महत्या-प्रतिबंधाच्या अभ्यासासाठी एक स्वतंत्र केंद्रीय विभाग स्थापन झाला व श्नाइडमन त्याचे प्रमुख झाले. १९६७ साली ‘बुलेटिन ऑफ सुइसिडॉलॉजी’ हे नियतकालिक निघाले; १९६८ साली या विषयाच्या अभ्यासकांची अमेरिकन संघटना उभी राहिली. विषयास नाव मिळाले, संज्ञा मिळाल्या, अनुदान मागण्यासाठी दार मिळाले. १९५० च्या दशकात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असलेली प्रतिबंधक केंद्रे १९७०च्या सुमारास शंभराहून अधिक झाली. परंतु हा बहर अल्पजीवी ठरला. श्नाइडमन विद्यापीठात परतले आणि १९७०च्या दशकाच्या प्रारंभीच त्या केंद्रीय विभागाचे स्वतंत्र अस्तित्व संपले. १९८१ साली सामुदायिक केंद्रांचे थेट अनुदानही राज्यांना द्यावयाच्या एकत्रित रकमेत विलीन करण्यात आले.

५. पुराव्याचा प्रश्न

अनुदान देणाऱ्याने परिणामाचा पुरावा मागावा, यात वावगे काहीच नाही. प्रश्न हा की, तो पुरावा किती काळात मिळू शकतो? त्या काळी अमेरिकेत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे १० आत्महत्या होत. पाच लाख वस्तीच्या एखाद्या शहरात हे प्रमाण वर्षाला ५० होईल. केवळ योगायोगाने ही संख्या एखाद्या वर्षी ४३ आणि दुसऱ्या वर्षी ५७ होणे अगदी स्वाभाविक आहे. आता त्या शहरातील केंद्राने वर्षाला पाच प्राण वाचविले असे मानले, तर ते कार्य लहान म्हणता येणार नाही. परंतु आकडेवारीत ते चढउताराच्या आड लपून जाईल. तीन किंवा पाच वर्षांच्या मुदतीत अशा केंद्राची उपयुक्तता सिद्ध होणे कठीण, आणि निरुपयोगिता सिद्ध होणेही तितकेच कठीण.

या विषयावरील वादांचा इतिहास याची साक्ष देतो. समॅरिटन्सच्या शाखा असलेल्या इंग्लंडमधील शहरांत आत्महत्या घटल्या, असे ख्रिस्टोफर बॅगली यांनी १९६८ साली दाखविले. १९७८ साली बॅरक्लो व त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक काटेकोर तुलना करून तो निष्कर्ष टिकत नाही, असे म्हटले. अमेरिकेतील केंद्रांविषयी १९७० च्या दशकात निराशाजनक निष्कर्ष आले. १९८४ साली मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांना तरुण गौरवर्णीय स्त्रियांपुरता लाभ आढळला. या वादात प्रत्येक वेळी निर्णय येईपर्यंत संबंधित अनुदानाची मुदत केव्हाच सरून गेलेली होती.

६. जिवंतांना पाठविलेली पत्रे

या पार्श्वभूमीवर सॅन फ्रान्सिस्को येथील मनोविकारतज्ज्ञ जेरोम मॉटो यांचा प्रयोग उठून दिसतो. युद्धकाळात सैन्यात असताना आलेल्या पत्रांनी आपणास दिलासा दिला होता, ही आठवण त्यामागे होती. नैराश्यामुळे वा आत्महत्येच्या विचारामुळे रुग्णालयात राहून गेलेल्या, परंतु पुढील उपचार नाकारणाऱ्या ८४३ व्यक्ती त्यांनी १९६९ नंतरच्या काही वर्षांत निवडल्या आणि यदृच्छेने त्यांचे दोन गट केले. एका गटास पाच वर्षे थोड्याथोड्या अवधीने एक लहानसे पत्र जाई. त्यात विचारपूस असे. मागणी, उपदेश वा अट काहीच नसे. दुसऱ्या गटास पत्र जात नसे. पहिल्या दोन वर्षांत पत्रे मिळालेल्या गटातील आत्महत्यांचे प्रमाण निश्चितपणे कमी राहिले. पुढे हा फरक हळूहळू मावळला. मॉटो आणि अ‍ॅलन बॉस्ट्रम यांचा अंतिम निबंध २००१ साली, म्हणजे प्रयोग सुरू झाल्यावर तीस वर्षांहून अधिक काळाने, प्रसिद्ध झाला.

संपर्काचे हेच तत्त्व जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच देशांतील प्रयोगात वापरले गेले. त्यातील एक स्थळ चेन्नई हे होते. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ व्यक्तींपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याखेरीज एक तासाची समजावणी व पुढील दीड वर्षात नऊ वेळा दूरध्वनी वा भेट मिळाली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण २.२ टक्के, तर दुसऱ्यात ०.२ टक्के होते. अन्यत्र झालेल्या काही प्रयोगांत इतका स्पष्ट परिणाम मिळाला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

अनुदानाच्या दृष्टीने आणखी एक उदाहरण बोलके आहे. अमेरिकेत २००४ साली झालेल्या गॅरेट ली स्मिथ स्मृती अधिनियमाखाली तरुणांतील आत्महत्या रोखण्यासाठी राज्यांना अनुदाने मिळू लागली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्या जिल्ह्यांत या योजनेखाली प्रशिक्षण झाले तेथे पुढील वर्षी तरुणांच्या आत्महत्यांचा दर तुलनेने कमी आढळला. मात्र तो परिणाम त्यानंतर टिकल्याचे त्या पाहणीत दिसले नाही. याचा एक अर्थ कार्यक्रम दुबळा होता, असा करता येईल. परंतु मॉटो यांच्या प्रयोगाशी हा निष्कर्ष ताडून पाहिला असता दुसरा अर्थ अधिक संभवनीय वाटतो : संपर्क व दक्षता चालू असते तोवर लाभ असतो, ती थांबली की लाभ ओसरतो. रोगप्रतिबंधक लशीप्रमाणे एकदा देऊन पुरे होईल, असे हे कार्य नव्हे.

समारोप

या सर्व इतिहासात दोन भिन्न गोष्टी एकाच अर्जाखाली आलेल्या दिसतात. संशोधनाचा प्रश्न हा सान्त असतो. त्यास उत्तर मिळाले की तो संपतो आणि त्यासाठी मुदतीचे अनुदान योग्यच होय. सेवेस असा अंत नसतो. रात्री कोणीतरी दूरध्वनी उचलील, हे एक अभिवचन आहे, आणि अभिवचन ५१ महिन्यांचे असू शकत नाही. अमेरिकेतील व्यवस्थेने सेवेस संशोधनाची मुदत लावली, म्हणून सेवा अस्थिर झाली. आणि संशोधनास सेवेच्या तातडीने उत्तर मागितले, म्हणून संशोधन अपुरे राहिले. लॉस एंजेलिसचे केंद्र टिकले, ते १९९७ साली डिडी हर्श या दुसऱ्या संस्थेत विलीन होऊन. इतर कित्येकांना असा आश्रय लाभला नाही.

सरकारी अनुदान नसते तर कॉरोनरच्या तळघरातील त्या चिठ्ठ्यांवर एवढे पद्धतशीर काम उभे राहणे कठीण होते, हे विसरता येत नाही. म्हणून या इतिहासाचा बोध अनुदानाच्या विरोधी नाही. कोणत्याही प्रतिबंधक योजनेचा विचार करताना तिच्या रकमेइतकेच तिच्या मुदतीकडेही पाहिले पाहिजे, एवढाच तो आहे. मृतांची पत्रे वाचून जे शास्त्र सुरू झाले, त्याच्या हाती लागलेला एक भरवशाचा उपाय जिवंतांना पत्र पाठविणे हा ठरला. तो उपाय स्वस्त आहे. परंतु तो पाठविणारा टिकून राहिला, तरच त्याचा उपयोग आहे.