तिने सांगितलेले तिचेच

गाळप हंगाम संपून ऊसतोड टोळ्या बीड जिल्ह्यात परतल्या की वस्तीवर दोन प्रकारची माणसे येतात. उचलीचा हिशेब घेऊन मुकादम, आणि फॉर्म घेऊन आमच्यासारखे कार्यकर्ते. २०१९ मध्ये ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचा विषय गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली, तेव्हापासून फॉर्मवाले वाढले. एकदा आम्ही ओट्यावर बसून एका बाईला विचारत होतो, झोप लागते का, जीव नकोसा होतो का. सासू दारात उभी होती. बाई म्हणाली, "सगळं बरंय ताई." निघताना तिने आम्हाला नळापाशी गाठले. "तिथं कसं सांगू? आन् सांगितलं तर तुमी पेपरात देताल."

ती चुकीचे बोलत नव्हती. आम्ही दिले असते.

मानसोपचाराची नीतिमत्ता म्हटले की पुण्या-मुंबईतले दवाखाने आणि तासाची फी डोळ्यांपुढे येते. आपला याच्याशी काय संबंध, असे आपल्याच लोकांना वाटते. संबंध जुना आहे आणि तो खुद्द बाबासाहेबांपर्यंत जातो.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केले. वाचक त्यांना हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी आकर्षणाबद्दल विचारत. घरी, वैद्याकडे, गुरुजींकडे जे बोलता येत नव्हते ते कर्व्यांना लिहीत. कर्वे उत्तर देत आणि विचारणाऱ्याला पापी ठरवत नसत. कर्वे मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, पण आज ज्याला आपण समुपदेशन म्हणतो त्याचे मराठीतले एक जुने रूप इथे आहे असे आम्ही मानतो. (बीडच्या बसस्थानकाकडे जाताना भिंतींवर 'गुप्तरोग, कमजोरी'च्या जाहिराती वाचल्या की कर्वे कुठे अडले ते कळते.)

अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. महाड झाले होते, काळारामाचा सत्याग्रह झाला होता, पुणे कराराची जखम ताजी होती. अशा वेळी हे वकीलपत्र कशाला, असा प्रश्न आजही काहींना पडतो. बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा गाभा साधा होता. मासिक लैंगिक प्रश्नांसाठीच आहे, वाचक तेच विचारणार, मग प्रामाणिक उत्तर अश्लील कसे? कुणाला त्यात विकृती दिसत असेल तर ती ज्ञानाने जाईल, दडपून जाणार नाही. हॅवलॉक एलिसच्या संशोधनाचा आधारही त्यांनी घेतला. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

लैंगिक शिक्षणाच्या इतिहासात हा खटला सांगतात. आम्हाला तो विचारणाऱ्याच्या हक्काचा खटला वाटतो. ज्याला लाज वाटायला लावली जाते त्याच्या प्रश्नाला प्रतिष्ठा आहे, असे बाबासाहेब न्यायालयात सांगत होते. पाणवठ्यावर त्यांनी वेगळे काय सांगितले होते?

पण विचारण्याचा हक्क अर्धाच आहे. विचारलेले फुटणार असेल तर कोण विचारेल? हा दुसरा अर्धा भाग कायद्यात यायला फार वर्षे लागली. १९१२ चा कायदा नावानेच 'वेड्यांचा' होता. १९८७ च्या कायद्याचे लक्षही मुख्यतः रुग्णालयांवर आणि भरती करण्यावर होते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ रोजी लागू झाला. त्याच्या कलम २३ ने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला, कलम २४ ने संमतीशिवाय माध्यमांना फोटो वा माहिती देणे बंद केले. कलम २१ मध्ये भेदभावाच्या मनाईत 'जात' हा शब्द स्पष्ट लिहिला आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असे कलम ११५ गृहीत धरते. कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात याचे मोल वेगळे सांगायला नको.

गोपनीयतेला अपवाद आहेत. दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर आवश्यक तेवढीच माहिती देता येते. या अपवादामागचा जगप्रसिद्ध खटला कॅलिफोर्नियाचा आहे. १९६९ मध्ये बर्कलीतल्या प्रोसेनजित पोद्दार या विद्यार्थ्याने तातियाना तारासॉफचा खून केला. तिला मारण्याचा विचार त्याने आधीच उपचारकाला सांगितला होता. उपचारकाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवले, त्यांनी पोद्दारला सोडून दिले. तिला मात्र कोणी सावध केले नाही. संभाव्य बळीचे रक्षण करणे हे उपचारकाचे कर्तव्य आहे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ठरवले. समुपदेशनाच्या वर्गात हे शिकवतात. पोद्दार बंगालमधला अस्पृश्य जातीत जन्मलेला मुलगा होता, हे त्याच्या फौजदारी खटल्याच्या निकालपत्रात नोंदलेले आहे. ते वर्गात कोणी सांगत नाही. जातीने खून माफ होत नाही. पण परक्या देशात एकट्या पडलेल्या त्या मुलाच्या मनात काय चालले होते, हे जात गाळून कळेल का?

इथे आमची स्वतःची अडचण सुरू होते. कायद्यात मानसिक आरोग्य व्यावसायिकाची व्याख्या आहे. आमच्यात कोणी समाजशास्त्रात एम.ए., कोणी पदवीधर. त्या व्याख्येत आम्ही बसत नाही. म्हणजे तोंड बंद ठेवायला आम्हाला या कायद्याचा धाक नाही. शिवाय चळवळीला प्रकरण हवे असते. फडात मुकादमाने काय केले हे एखादी बाई सांगते, आणि तिचे डोळे पुसायच्या आधी आमच्या डोक्यात निवेदन, मोर्चा, ॲट्रॉसिटीची कलमे सुरू होतात. हेतू चांगला, पण तिला पुढच्या हंगामात त्याच टोळीत जायचे असते.

पीडित अठरा वर्षांखालील असेल तर पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावेच लागते, आणि हे आम्ही बोलणे सुरू होण्याआधीच सांगतो. सज्ञान बाईचा निर्णय तिचा. याने प्रकरणे हातची जातात, असे आमचे ज्येष्ठ रागावून म्हणतात. जातात, हे खरे आहे.

नळापाशी भेटलेल्या त्या बाईकडे आम्ही फॉर्म न घेता पुन्हा गेलो. विहाराच्या मागच्या खोलीत ती तीन वेळा येऊन बसली. काय बोलली ते इथे लिहिणार नाही.