झुनींच्या मक्याच्या मुली

अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या पश्चिम भागात झुनी लोकांचे गाव आहे. तिथले कारागीर शिंगात, शिंपल्यात किंवा दगडात एक मूर्ती कोरतात : खाली दाण्यांच्या रांगांचे कणीस, वर मुलीचा चेहरा. ‘धान्यदेवी’ म्हणून आपण मोकळे होतो. पण ही एक देवी नव्हे. मक्याच्या मुली अनेक. पिवळी उत्तरेची, निळी पश्चिमेची, तांबडी दक्षिणेची, पांढरी पूर्वेची, बहुरंगी वरची आणि काळी खालच्या दिशेची.

त्यांच्या कथेची रूपे बरीच आहेत, गाभा एकच. लोकांनी मान राखला नाही, मुली निघून गेल्या, उपासमार आली. मग विनवून त्यांना परत आणावे लागले.

कणसाला मुलगी का म्हणावे? झुनींना आपले वनस्पतिशास्त्र ठाऊक होते, असे आम्ही सुचवत नाही. तरी वर्गात एक सोललेले कणीस जरूर दाखवावे. शेंड्यावरचा तुरा नर, कणीस मादी. त्यावरचा एकेक केस म्हणजे एकेका दाण्याचा स्त्रीकेसर. शिवाय पानांत गुंडाळलेले हे दाणे आपणहून विखुरत नाहीत. माणसाने पेरले नाही, तर मका टिकत नाही. मुली गेल्या तर माणसे उपाशी, आणि माणसांवाचून मुलींचेही चालत नाही!

फ्रँक कुशिंग हा अभ्यासक १८७९ ते १८८४ झुनींमध्ये राहिला. त्याच्या १८८३च्या निबंधात भर आहे तो पहाडी सिंह, अस्वल, लांडगा अशा शिकारी प्राण्यांच्या मूर्तींवर. दुकानांतल्या मक्याच्या मुली बहुतांशी विसाव्या शतकापासून विक्रीसाठी कोरलेल्या. पूजेतल्या मूर्ती वेगळ्या. त्यांना मक्याचे पीठ भरवतात.