मोटारीच्या टपाचें अस्तर

इतिहास म्हटला कीं राजधान्या, लढाया आणि तहनामे यांकडे आपली दृष्टि सहजच वळते. परंतु नित्य वापरांतील वस्तूंच्या पोटांतही इतिहास दडलेला असतो, आणि त्या वस्तु मोडकळीस आल्यावांचून तो बहुधा बाहेर पडत नाहीं. मोटारीच्या टपाला आंतून लाविलेलें कापडी अस्तर ही अशीच एक उपेक्षित वस्तु होय. गाडींत बसलेला मनुष्य खिडकीबाहेर पाहतो, वर पाहत नाहीं. कापड लोंबून डोक्याला लागूं लागलें म्हणजेच त्याला त्याची आठवण होते.

प्रारंभींच्या मोटारी बहुतांशी उघड्या असत. पाऊस आला कीं मेणकापडाचा हूड ओढून घ्यावयाचा, एवढीच सोय. अमेरिकेंत १९१९ सालीं बंदिस्त गाड्यांचें प्रमाण शेंकडा दहाच्या आसपास होतें. तें १९२४ सालीं ४३, १९२६ सालीं ७२ आणि १९२७ सालीं ८५ झालें. म्हणजे आठ वर्षांत मोटार ही एक चालती खोली बनली, आणि खोली म्हटली कीं छत आलेंच. हें छत मढविण्याची विद्या मोटारवाल्यांपाशीं नव्हती. ती घोडागाड्या बांधणाऱ्या कारागिरांकडून आली. १९०८ सालीं डेट्रॉइट येथें मोटारींचे सांगाडे बनविण्याचा कारखाना काढणारे फिशर बंधु हे घोडागाड्यांचा धंदा करणाऱ्या घराण्यांतले होते. त्यांच्या कारखान्याच्या बोधचिन्हावर अखेरपर्यंत नेपोलियनच्या काळची राजेशाही घोडागाडीच झळकत होती.

त्या काळीं टपही सबंध पोलादाचा नसे. तेवढ्या रुंदीचा पत्रा सहज मिळत नसल्यामुळें मधला भाग लांकडी पट्ट्या व जलरोधक कापड यांनीं झांकीत. जनरल मोटर्सनें १९३५ च्या गाड्यांना एकसंध पोलादी टप दिला. लांकूड गेलें, तरी अस्तर गेलें नाहीं. उलट त्याची गरज वाढली. उघडा पत्रा उन्हानें तापतो, रस्त्यावर ढोलासारखा घुमतो आणि थंडींत आंतल्या बाजूनें पाझरतो.

हें अस्तर लावण्याची जुनी रीत पाहण्यासारखी आहे. कापडाचे पट्टे एकमेकांस शिवून जोडाच्या उलट बाजूस लांबट खोळी ठेवीत. त्यांतून पोलादी तारेच्या कमानी ओवून त्यांचीं टोकें टपाच्या दोन्ही कडांना अडकवीत. मग मधून बाहेरच्या बाजूस कापड ताणीत जाऊन कडा चिकटवीत किंवा चुकांनीं ठोकीत. प्रत्येक कमानीचा बांक निराळा असल्यामुळें जाणता कारागीर कमानी काढतांनाच त्यांवर क्रमांक घालतो. क्रम चुकला कीं कितीही ताणलें तरी सुरकुती जात नाहीं.

पुढें १९३७ सालीं ओटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें पॉलियुरेथेन शोधून काढलें. त्यापासून होणाऱ्या फोमचा पातळ थर पाठीवर असलेलें कापड साच्यांत घडविलेल्या पुठ्ठ्यावर चिकटवून तो पुठ्ठाच टपाला लावण्याची पद्धति १९७० नंतर रूढ झाली. काम झटपट होऊं लागलें. पण ऊन आणि दमट हवा यांनीं फोमची भुकटी होते व कापड फुगून खालीं येतें. अशा वेळीं टांचण्या टोंचून किंवा वरून डिंक लावून भागत नाहीं. पुठ्ठा काढून भुकटीचा कण न् कण खरवडावा लागतो, तेव्हांच नवें कापड धरतें.

या गोष्टीचा आपल्याशीं संबंध नाहीं असें नाहीं. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून फियाट आणि पुढें पद्मिनी बाहेर पडली. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीनें मुंबईच्या तीन पिढ्यांना वाहून नेलें. २०१५ सालीं कांहीं तरुण चित्रकारांनीं अशा टॅक्सींच्या छतांवर चित्रांकित कापड चढविलें, तेव्हां कित्येकांनीं प्रथमच मान वर केली. वयोमर्यादा संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही टॅक्सी रस्त्यावरून नाहींशी झाली.

आतां उरल्या त्या हौशी लोकांनीं राखिलेल्या थोड्या गाड्या. त्यांचें अस्तर बदलतांना सोपा मार्ग असा कीं, कमानी भंगारांत टाकाव्या आणि फोमचें कापड थेट पत्र्यालाच चिकटवावें. यावर कोणी म्हणेल, मोटार बसण्याकरितां असते, पदार्थसंग्रहालयांत ठेवण्याकरितां नव्हे. आणि खर्चाचेंही पाहिलें पाहिजे. हें म्हणणें अगदींच चुकीचें नाहीं. जीर्ण कापड डोक्यावर बाळगण्यांत कसलाही पुरुषार्थ नाहीं. पण नवें कापड घालणें ही एक गोष्ट आणि जुनी रीत पुसून टाकणें ही दुसरी. उतरविलेलें अस्तर म्हणजे नव्या अस्तराचा नमुना होय: शिवण कोठें, खोळ किती रुंद, कापड कोठें सैल सोडलें, हें त्यावरूनच कळतें. पट्टीखालीं ऊन न लागलेल्या कडेवर त्याचा मूळ रंगही सांपडतो. कमानी एकदां गेल्या म्हणजे हें सारें गेलें.

म्हणून जुन्या गाडीच्या धन्याला एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, कापड खुशाल नवें घ्यावें. कमानी मात्र घांसून, क्रमांक घालून परत बसवाव्या आणि उतरलेलें अस्तर घडी करून ठेवावें. पुढच्या कारागिराला शिकावयाचें झालें, तर त्याचें पुस्तक तेंच आहे.