सुई, संगमरवर आणि चिकटलेले ओठ : नक्कल चुकण्याचा इतिहास

१/ संगणकावर शिल्प घडवणाऱ्या बहुतेकांना एक अनुभव येतो. चेहऱ्याचे मूळ प्रारूप तपशीलवार, पण अतिशय जड असते. म्हणून त्यावर सुटसुटीत जाळीचे नवे प्रारूप बेतले जाते आणि जुन्यावरील सुरकुत्या नव्यावर उतरवण्यासाठी प्रक्षेपणाची, म्हणजे प्रोजेक्शनची, आज्ञा दिली जाते. कपाळ आणि गाल नीट उतरतात. ओठ मात्र एकमेकांना चिकटतात, बोटांमध्ये बदकाच्या पायासारखा पडदा तयार होतो, कानामागून काटे उगवतात. दोष सॉफ्टवेअरचा वाटतो. पण त्यामागचा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे.

२/ प्रश्न असा : एका पृष्ठभागावरील बिंदू दुसऱ्या पृष्ठभागावरील नेमक्या कोणत्या बिंदूशी जुळवायचा? ग्रीक ब्राँझ मूर्तींच्या संगमरवरी प्रती घडवणाऱ्या रोमन कारागिरांपुढे हाच प्रश्न होता. ते मूर्तीवर मापाचे बिंदू ठरवून ती मापे दगडावर नेत. अपूर्ण राहिलेल्या काही प्रतींवर असे उंचवटे आजही दिसतात. पुढे बहुतेक मूळ ब्राँझ मूर्ती वितळवल्या गेल्या. त्यांच्याविषयी आज जे ठाऊक आहे, त्यातील बरेचसे या प्रतींवरूनच. प्रतीतील चूक अशा वेळी मूळ मूर्तीच्या नावावर जमा होते.

३/ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात बिंदुमापनाचे यंत्र रूढ झाले. त्याची रचना साधी होती. एक चौकट मूर्तीवरील तीन पक्क्या बिंदूंवर टेकवायची. तिच्या हाताला लावलेली सुई मूर्तीला स्पर्श करेपर्यंत सरकवायची आणि तिथे अटकाव घट्ट करायचा. मग तीच चौकट दगडावरील त्याच तीन बिंदूंवर टेकवायची आणि सुई अटकावापर्यंत पोहोचेल इतके खोल कोरायचे. अशा शेकडो बिंदूंतून मूर्ती दगडात उतरे.

४/ इटालियन शिल्पकार अंतोनियो कानोव्हा (१७५७–१८२२) याच्या कार्यशाळेत प्लास्टरच्या मूर्तीवरून साहाय्यक दगड घडवत आणि अखेरचा हात कानोव्हा स्वतः फिरवी. पोसान्यो या त्याच्या जन्मगावच्या संग्रहालयातील प्लास्टर मूर्तींवर मापासाठी ठोकलेले धातूचे बारीक खिळे आजही दिसतात. या पद्धतीची मर्यादाही उघड होती. वस्त्राच्या खोल चुणीत किंवा दोन बोटांच्या फटीत सुई सरळ जात नाही. तिथे कारागिराला नजरेवर विसंबावे लागे.

५/ आता विसाव्या शतकाच्या अखेरीकडे वळू. १९९६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील वेंकट कृष्णमूर्ती आणि मार्क लेव्हॉय यांनी दाट जाळीवर गुळगुळीत पृष्ठभाग बसवण्याची पद्धत मांडली. वापरकर्त्याने आधी जाळीवर सीमारेषा आखायच्या. मग संगणक विरळ जाळीपासून दाट जाळीकडे टप्प्याटप्प्याने जाई आणि उरलेला बारीक तपशील ‘डिस्प्लेसमेंट मॅप’मध्ये साठवी. विभाग कुठे पाडायचे, हा निर्णय माणसाकडेच राहिला.

६/ याच लेव्हॉय यांच्या नेतृत्वाखाली १९९९ मध्ये फ्लॉरेन्स येथे मायकेलअँजेलोच्या ‘डेव्हिड’चे लेझर स्कॅनिंग झाले. पुस्तकांत मूर्तीची उंची ४३४ सेंटीमीटर छापली जात असे. प्रत्यक्षात ती ५१७ सेंटीमीटर भरली आणि स्कॅनरचा सांगाडा वाढवावा लागला! छिन्नीच्या खुणा टिपता याव्यात म्हणून मोजमाप पाव मिलिमीटरपर्यंत सूक्ष्म ठेवले होते. जमा झालेली माहिती सुमारे २ अब्ज बहुभुजांची होती. इतके जड प्रारूप रोजच्या वापरात पेलत नाही. त्यामुळे हलके प्रारूप करून त्यावर तपशील उतरवणे, म्हणजेच प्रक्षेपण, इथे अटळ ठरते.

७/ आज झेडब्रश किंवा ब्लेंडरमध्ये प्रक्षेपण का बिघडते, ते या पार्श्वभूमीवर समजणे सोपे आहे. संगणक एकतर सर्वांत जवळचा बिंदू शोधतो किंवा ठरावीक दिशेने, बहुधा पृष्ठभागाला लंब अशी, किरणरेषा सोडतो. मिटलेल्या तोंडात वरच्या ओठाला सर्वांत जवळचा पृष्ठभाग खालच्या ओठाचा असू शकतो. त्यामुळे ओठ चिकटतात. किरणरेषेला जवळ काही सापडले नाही, तर ती दूरच्या भलत्याच भागावर जाऊन आदळते. त्यातून काटे उगवतात. नव्या जाळीत पुरेसे बिंदूच नसतील, तर तपशील धूसर होतो.

८/ उपायही जुन्या कार्यशाळेची आठवण करून देतात. प्रथम दोन्ही प्रारूपे एकाच जागी आणि एकाच मापाची आहेत ना, ते पाहावे : चौकटीचे तीन बिंदू ते हेच. मग सर्वांत विरळ पातळीवर प्रक्षेपण करून, ते तपासून, एकेक पातळी वर चढावे. शोधाचे अंतर कमी ठेवावे; सुईचा अटकाव हेच काम करी. ओठ, पापण्या आणि बोटांच्या फटी मास्कने झाकून वेगळ्या हाताळाव्यात. शक्य असल्यास मूळ प्रारूपच तोंड किंचित उघडे आणि बोटे पसरलेली असे घडवावे. प्रक्षेपणापूर्वीची स्थिती जपून ठेवावी, म्हणजे बिघडलेला भाग ब्रशने पूर्ववत करता येतो.

९/ खेळातील राक्षसाची बोटे चिकटली, तर एखादी दुपार वाया जाते. ऐतिहासिक मूर्तीच्या बाबतीत प्रकरण गंभीर आहे. चुकीच्या प्रक्षेपणातून उमटलेली चुणी शिल्पकाराने कधीच कोरलेली नसते. तरीही पुढचा अभ्यासक तिला छिन्नीची खूण समजू शकतो. मूळ मूर्ती झिजली किंवा भंगली, तर पडताळणीचा मार्गही बंद होतो. ब्राँझ मूर्तींबाबत नेमके हेच घडले.

१०/ म्हणून एखाद्या मूर्तीचे डिजिटल प्रारूप पुरावा म्हणून समोर आले, तर तीन प्रश्न विचारावेत. हे मूळ स्कॅन आहे की त्यावरून बेतलेली हलकी प्रत? तपशील कोणत्या पद्धतीने उतरवला? जिथे किरणरेषा पोहोचली नाही, तिथे कोणाचा हात फिरला? कानोव्हाच्या प्लास्टरवर निदान खिळे शिल्लक आहेत. डिजिटल प्रतीसोबत अशी नोंद जाणीवपूर्वक ठेवावी लागते.